शर्मनवरचं कुंकू

लातुरात बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवणारे मास्तर पायलीचे पन्नास. त्यांतल्या वीरभद्र बिराजदार सरांचं वेगळेपण एवढंच, की क्लास सुटला की ते घरी येऊन रणगाडे बनवत. प्लास्टिकचे, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. खोक्यातून चौकटीला चिकटलेले सुटे भाग यायचे. सर ते ब्लेडनं कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि बुटक्या काचेच्या कपाटात मांडून ठेवायचे. भूकंपानंतर त्या घरात डोक्याच्या वर कुणी काही ठेवत नसे.

गल्लीला हे खूळ वाटायचं. ज्या शहरात पोरगं अकरावीत गेलं की घरचा टीव्ही चादरीत गुंडाळला जातो, तिथे पन्नाशीला टेकलेला मास्तर खेळणी जुळवत बसतो म्हणजे काय! सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा एकच नियम होता आणि तो मात्र क्लासपेक्षाही कडक होता: दोन पुरावे असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. रणगाड्यावरचा एखादा आकडा एका फोटोत दिसला, तर दुसऱ्या फोटोत सापडेपर्यंत ती जागा कोरी राहायची. पोरांनाही ते हेच सांगत, की उत्तर बरोबर आलं तरी दुसऱ्या रीतीनं ताडून बघा, नाहीतर मार्क मिळणार नाहीत. आणि खरंच द्यायचे नाहीत.

त्या वर्षी त्यांनी मोठाच घाट घातला होता. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य संपवायला भारताचं सैन्य सोलापूरहून हैदराबादेकडे निघालं, ते उमरग्याच्या रस्त्यानं, म्हणजे सरांच्या गावावरून गेलं. त्या फौजेतला एक शर्मन रणगाडा हुबेहूब करायचा आणि हैदराबादला भरणाऱ्या अशाच प्रतिकृतींच्या स्पर्धा-प्रदर्शनात मांडायचा, असं त्यांनी ठरवलं. आजवर त्यांचं काम गल्लीबाहेर कुणी पाहिलं नव्हतं. एकदा तरी जाणत्या माणसानं ते बघावं, एवढीच त्यांची हौस होती. वर्षभर खपून रणगाडा तयार झाला. प्रदर्शन दिवाळीच्या आधी होतं.

मध्येच खंडेनवमी आली. घरातली हत्यारं पुजायचा दिवस. सर अंघोळीला गेले होते. त्यांच्या अव्वांनी, म्हणजे आईनं, विळी पुजली, स्कूटर पुजली, नातवाचा कॅल्क्युलेटर पुजला, आणि मग टेबलावरच्या शर्मनला ओल्या हळदीची बोटं ओढून वर कुंकू लावलं. सर बाहेर आले तेव्हा हळद त्या कोरड्या रंगात मुरून गेली होती.

सर एरवी आईपुढे आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढला. वर्षाची मेहनत मातीत घातलीस, असं काहीबाही बोलून गेले. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं.

"खऱ्यालाबी लावलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "आमी बायांनी."

सर थांबले. भूकंपाला नुकतीच दहा वर्षं झाली होती. भूकंपाच्या साली अव्वा गणपतीला लातूरला आल्या होत्या. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत निघायचं होतं, आणि पहाटे गावच उरलं नाही. तेव्हापासून त्यांनी गावाचं नाव काढलं नव्हतं. कुणी काढलं तर उठून आत जायच्या.

आज त्या सांगत बसल्या. अव्वा तेव्हा गावात नव्यानंच सून म्हणून आलेल्या. रजाकारांच्या धाकानं बाया महिनोन्‌महिने दाराबाहेर पडल्या नव्हत्या. भादव्याच्या चिखलात लोखंडी गाडी पाण्यासाठी विहिरीपाशी थांबली, तशा पाचजणी ताट घेऊन निघाल्या. नवी गाडी दारात आली की करतात तेच त्यांनी केलं. एकीनं तर नारळही त्या पत्र्यावर आपटला. आवाज ऐकून वरून डोकावणारा शिपाई खाली दडला आणि मग त्यानंच खोबरं मागून घेतलं.

"आणखी कुणी बघितलं होतं?" सरांनी सवयीनं विचारलं.

"तिपव्वा, भागीरथी, गुरवाची काशी, पाटलाची सुंदरा," अव्वांनी बोटांवर मोजलं. "कुणाला इचारतोस आता? समद्या एकाच पहाटे गेल्या. मी हाय. मी येकली पुरत न्हाई व्हय?"

सरांच्या हातात थिनरचा बोळा तयार होता. पुसून, पुन्हा रंगवून प्रदर्शन गाठता आलं असतं. पण आपण आईकडे साक्षीदार मागितला, या लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बोळा टाकला आणि सगळ्यांत बारीक ब्रश काढला. अव्वा शेजारी बसून सांगत गेल्या: हितं न्हाई, खाली, काशीचा हात तितका पोचत नव्हता. मोठ्या माणसाच्या बोटाचे फराटे रंगाखाली झाकले गेले आणि त्या जागी पाच बायांची इवली इवली बोटं उमटली.

हैदराबादेत परीक्षकांनी भिंग लावून शर्मन पाहिला. चाकांवरच्या पट्ट्यांचं, त्यांवरच्या चिखलाचं तोंड भरून कौतुक केलं. मग लाल-पिवळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून आधार विचारला. सरांनी पाच नावं सांगितली. त्यांतल्या चार कुठे आणि कशा गेल्या, तेही सांगितलं. परीक्षकांनी नमस्कार केला आणि गुण कापले. फोटो नव्हता, कागद नव्हता. सरांना राग आला नाही. त्या खुर्चीत ते असते तर त्यांनीही कापलेच असते.

घरी आल्यावर अव्वांनी बक्षिसाचं विचारलंच नाही.

"तिपव्वाचं नाव घेतलंस?"

"पहिलं तिचंच घेतलं."

"लई भित्री व्हती," अव्वा म्हणाल्या. "पर गाडीला पैला हात तिनंच लावला."

आणि गाव गेल्यापासून दहा वर्षांत ज्या एकदाही रडल्या नव्हत्या, त्या अव्वा पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सरांनी त्यांना उगी केलं नाही. शेजारी बसून राहिले.