छातीचं दुखणं

माझी आई नेमकी कशानं गेली, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर घरात एकच बोलणं, तिला छातीचं दुखणं होतं. मी सात वर्षांची होते. छातीचं म्हणजे हृदयाचं, असंच मी धरून चालले. नीट सांगायला कोणाची जीभ वळली नाही.

उंद्रीच्या शिवारात बीटी कपाशी नवी नवी आली त्याच सुमारास माझी पाळी गेली. पराटीत कापूस वेचायला उभी राहिले की मानेपासून भडका उठायचा, लुगडं घामानं चिंब व्हायचं. झोपेचं तर नावच नाही. नवऱ्याचं आपलं एकच, "बीटीच्या फवारणीनं होते ते." त्या वर्षांत आमच्याकडे म्हैस आटली तरी बीटी आणि अंगाला खाज सुटली तरी बीटी. अरे, पण बायको काय सांगून राह्यली, ते ऐकशील की नाही!

शेवटी तालुक्याला गेलो. डॉक्टरनं तपासलं मला आणि विचारलं नवऱ्याला, "यांच्या आईला, बहिणीला कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का?" तो शब्द ऐकूनच हा माणूस कानकोंडा झाला. म्हशीच्या थानांवर भर चौकात तासभर बोलणारा माणूस! खाली बघत म्हणाला, "नाही जी. आईले छातीचं दुखणं होतं." डॉक्टरनं हृदयविकार लिहून घेतला. मीही शहाण्यासारखी मुंडी हलवली.

हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या. महिनाभरात भडके थांबले, झोप लागायला लागली. मी त्या चार वर्षं घेतल्या. थांबव कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

मग एक दिवस अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. अमडापूरची मावशी बघायला आली. तिनं चाचपून पाहिलं आणि रडायलाच लागली. "तुह्या आईलेबी इथंच होती वो, थानात."

"छातीचं दुखणं होतं म्हणत होते ना सारे?"

"मंग काय म्हणाव? माणसांसमोर थान म्हणाव काय?"

मी तशीच उठून नवऱ्यासमोर उभी राहिले. "तुम्हाले मालूम होतं?"

"सोयरिकीच्या वेळेसच तुह्या बापानं सांगतलं होतं. पण परक्या माणसासमोर तसा शब्द कसा काढू?"

आग लागो तुमच्या लाजेला, म्हटलं. पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. ताट मात्र वाढत होते, त्याचाही आता राग येतो.

ऑपरेशन झालं. हा कॅन्सर गोळ्यांनीच झाला का, म्हणून मी तालुक्याच्या त्या डॉक्टरला धारेवर धरलं. तो म्हणाला, बरीच वर्षं घेतल्या तर या गोळ्यांनी धोका थोडा वाढतो. तुमच्या आईचं माहीत असतं तर आधी तपासण्या केल्या असत्या, बहुधा गोळ्या दिल्याच नसत्या. "पण तुमची गाठ गोळ्यांनीच झाली, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार." घ्या! त्यालाही नेमका हाच शब्द सापडला. म्हणजे मला धड भांडायलाही कोणी उरलं नाही.

घरी आले त्याच आठवड्यात जानेफळहून लेकीचा फोन आला. "आई, इथं सारे विचारून राह्यले, हार्टचं ऑपरेशन कसं झालं म्हणून. बाबानं छातीचं सांगतलं."

माझं डोकंच फिरलं. "हार्टचं नाही वो बाई. थान काढलं माह्यं. कॅन्सर होता. तुह्या आजीलेबी तोच होता. कोण्या डॉक्टरनं विचारलं तर असंच सांगजो, याच शब्दात."

"आई, हळू बोल ना," ती कुजबुजली. "सासूबाई बाजूलेच बसल्या आहेत."

"मंग दे," मी म्हटलं, "विहीणबाईजवळ फोन दे."