न्हाणीच्या दारावरचे गडी

"असू द्या, दमला असंल बिचारा."

फासा टाकला आणि एक पडला की मुकादम असं म्हणत. तुम्ही-आम्ही कपाळाला हात लावू, नशिबाला शिव्या घालू. हा माणूस फाशाच्या पाठीवरून बोट फिरवायचा.

सिद्धेश्वर धरणाच्या कॉलनीत ते माझे शेजारी होते. कालव्यावरच्या मजुरांचे मुकादम, म्हणून सगळे त्यांना मुकादमच म्हणत. मी त्याच ऑफिसात कारकून, नवा आणि सडाफटिंग. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळी कॉलनीत करमणूक म्हणाल तर एकच, डास मारणे. त्याला कंटाळून मुकादमांनी स्वतःच्या डोक्यातून एक खेळ काढला.

सांगतो, सोपा आहे. खेळणारे आम्ही पाच जण, प्रत्येकाला पाच फासे. पण हे फासे सोंगट्या हलवायला नव्हेत, फासे हेच गडी. टाकायचे, आणि ज्याच्यावर जितका आकडा तितकी त्याची त्या दिवसाची ताकद. मग एकेकाला पटावर कामाला लावायचं. सहाचा गडी विहीर खणणार, चार-पाचचा नांगर धरणार, एकवाल्यानं मुकाट शेळ्या वळायच्या. गिरणीवर मात्र तिघं लागत. जसं काम तसे चिंचोके. ज्याची वाटी आधी भरेल तो जिंकला.

फासे मुकादमांनी बाभळीच्या लाकडाचे स्वतः तासलेले, त्यामुळे एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. त्यांच्या फाशांत कोंडिबा म्हणून एक होता. तो कधीही टाका, एक. शेळ्यांशिवाय त्यानं जन्मात काही केलं नाही.

"मुकादम, हा बदला की," मी एकदा म्हणालो.

"काहून? आळशी गड्याला पोट नसतं व्हय?"

याच्यावर कडी म्हणजे, एखादा फासा सलग तीन डाव राबला की ते त्याला सुट्टी देत. सदऱ्याच्या खिशात घालत आणि म्हणत, "आराम करून राहिला तो." हा नियम फक्त त्यांच्यापुरता. आमचे गडी मरेस्तोवर राबत. मग काय होणार? स्वतः काढलेल्या खेळात हा माणूस एकदाही जिंकला नव्हता.

आता पटाचं सांगतो. एवढा मोठा पट काढायला सपाट फळी हवी होती. मुकादमांनी घरात नजर फिरवली आणि न्हाणीचं दार काढलं. सरकारी क्वार्टरचं दार, अस्सल सागवानी. त्यावर शेत, विहीर, गिरणी, बाजार, सगळं तेलरंगात रंगवलं आणि ओसरीत चार विटांवर ठेवलं. न्हाणीला चादरीचा पडदा लागला. आत कुणी आहे हे कळावं म्हणून घरातल्यांनी आंघोळ करताना मोठ्यानं काहीतरी म्हणायचं असं ठरलं. वहिनी आरती म्हणत. मंगल, त्यांची एकुलती एक पोरगी, पाढे म्हणे. बारावी झालेली पोरगी सकाळी सकाळी एकोणतीसचा पाढा म्हणते म्हणून कॉलनीला तिचं भारी कौतुक.

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. मंगलला बघायला पाहुणे येऊ लागले. पहिल्या स्थळाची आजी पाय धुवायला गेली आणि पडदा बघून तशीच मागे फिरली. "ज्या घरात न्हाणीला दार न्हाई तिथं आमी पोरी देत-घेत न्हाई," म्हणाली. दुसऱ्या स्थळाचे मामा सरळ आत शिरले. आत मुकादम होते आणि गाणं म्हणायला विसरले होते. ते स्थळ चहासुद्धा न घेता गेलं.

तिसरं स्थळ शिरड शहापूरचं. मुलाच्या वडिलांची पिठाची गिरणी. आणि मुलगा मंगलबरोबर औंढ्याच्या कॉलेजात एकाच वर्गात होता. दोघांचं आधीच जमलंय हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, बापाला सोडून. हे मोडलं असतं तर पोरगी खचली असती.

वहिनींनी कंबर कसली. "या बारीला दार बसलं न्हाई ना, तर मी विहिरीवर जाते. तुमच्या पटावरच्या न्हाई, खऱ्या!"

मुकादमांनी निमूट दार बसवलं. रंगवलेली बाजू आतून.

पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाचे वडील हात धुवायला न्हाणीत गेले. गेले ते गेलेच. पोह्यांच्या बशा उचलून झाल्या, चहावर साय धरली. वहिनी देव आठवू लागल्या. शेवटी एकदाची कडी वाजली. पाहुणे बाहेर आले, हात कोरडेच, आणि कपाळाला आठ्या.

"मुकादम, गिरणीवर तीन गडी काहून लागतात हो? मी एकटा चालवतो!"

झालं! दार पुन्हा बिजागऱ्यांवरून उतरलं आणि ओसरीत विटांवर गेलं. गिरणीवर एकच गडी असं दोघांनी ठरवलं आणि खेळ सुरू झाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून, पाहुण्यांच्या पाठीमागून, हातानं खुणा करत होत्या. हरा! मुलीकडच्यांनी जिंकायचं नसतं! त्यात अवघड काय होतं? हरणं हा तर मुकादमांचा हातखंडा. पण खात्री असावी म्हणून त्यांनी चारही चांगल्या गड्यांना सुट्टी दिली, खिशात घातलं, आणि एकट्या कोंडिबाला टाकलं.

सहा.

आम्ही सगळे पुढे वाकलो. मुकादमांनी दुसऱ्यांदा टाकला. सहा. तिसऱ्यांदा टाकला. पुन्हा सहा! कोंडिबा एकटाच विहीर खणत सुटला. वाटी भरली. आयुष्यात पहिल्यांदा मुकादम जिंकले आणि जिंकलेल्या माणसाचं इतकं रडवेलं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. आत मंगलनं डोळ्याला ओढणी लावली.

पाहुण्यांनी कोंडिबाला उचलून सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. "यानं आधी कधी काम केलं व्हतं?"

"न्हाई हो पाहुणे. आजच अंगात आलं मेल्याच्या."

पाहुण्यांनी कोंडिबाला परत पटावर ठेवलं. मग म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. पण एक अट हाय."

वहिनींच्या हातातल्या कपबशा वाजू लागल्या.

"हे दार आमच्याकडं पाहिजे."

मुकादमांनी दाराकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं. "पोरगी खुशाल न्या," ते अडखळत म्हणाले, "पण दार..."

"अहो!" आतून वहिनी कडाडल्या.

रुखवतात लाडू, शेवया, कुरडया, आणि भिंतीला टेकवलेलं न्हाणीचं दार. बायकांनी त्यालाही हळदीकुंकू लावलं. क्वार्टरला पत्र्याचं नवं दार बसलं. ऑफिसच्या दप्तरी दार ते दारच, सागाचं की पत्र्याचं हे कुणी विचारलं नाही. ते दप्तर सांभाळणारा एक मीच महिनाभर घाबरून होतो.

सासरी निघताना मंगल आणि दार एकाच टेम्पोत चढले. मुकादम दाराला मिठी मारून हमसून हमसून रडले. मंगल रडता रडता खुदकन हसली. "बाबा, मी इकडं हाय!"

टेम्पो गेल्यावर मी चिडवलं, "मुकादम, खरं सांगा, दारासाठी रडलात ना?"

ते नाक पुसत म्हणाले, "भाऊ, तिच्यासाठी रडलो असतो तर ती बी रडतच गेली असती. दारासाठी रडलो, म्हून हासत गेली."

असा बाप मला फार आवडला, आणि आजही आवडतो.

चोवीस गडी त्यांनी लेकीबरोबर धाडले. कोंडिबाला नाही. "त्याला इतक्या लांब कामाला कसं धाडू?" महिन्यातून एकदा ते शिरडला जात, सदऱ्याच्या खिशात कोंडिबा. लेकीच्या हातचं जेवत, व्याह्याकडून हरत आणि खुशीत परत येत. कोंडिबानं पुन्हा कधी सहा दाखवला नाही. वहिनी मात्र पत्र्याचं दार लावूनही आरती म्हणतच आंघोळ करत. सवय, दुसरं काय!

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मुकादम गेल्याचं उशिराच कळलं. ते रिटायर होऊन औंढ्याला राहत होते, तिथे वहिनींना भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कोंडिबा. हाताळून हाताळून कडा गोल झालेल्या.

"शेवटपर्यंत खिशात व्हता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो फरशीवर टाकला.

एक.

मला हसू फुटलं आणि अर्ध्यातच अडकलं. ज्या बाईनं या खेळापायी जन्मभर नवऱ्याचा उद्धार केला, तिनं फाशाच्या पाठीवरून हळूच बोट फिरवलं.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "दमला असंल बिचारा."