सोबोटाच्या बारमधला निवडीचा दिवस

बर्नी सोबोटाला माणसांचा वीट यायला दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक पुरायचं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात पोलादाचा कारखाना बंद पडला, पण बर्नीचा बार चालू राहिला. तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांना दारातही उभं करू नये, असं त्याचं ठाम मत होतं. तरी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, तो सगळ्यांना गरमच वाढायचा, शिव्या घालत.

दर एप्रिलात अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजातली पोरं निवडत, तेव्हा त्याच्या बारमध्ये मुंगीला शिरायला जागा नसे. कुठल्याशा टेक्सासच्या पोराचं नाव टीव्हीवर पुकारलं की ही थोराड माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत. टेबलावर चढून ओरडणाऱ्यांत बर्नी पहिला. बेसबॉलचीही अशी निवड होते, याची आयुष्यात त्याने कधी दखल घेतली नव्हती.

या जुलैत मात्र गोष्ट घरातली होती. त्याचा मुलगा मिलान बेसबॉलमध्ये चेंडू फेकायचा, आणि दोन दिवस चालणाऱ्या निवडीत दुसऱ्या दिवशी त्याचं नाव येईल अशी आशा होती. ते नाव अख्ख्या गावाच्या कानांनी ऐकावं, एवढी एकच हौस धरून बर्नीने सगळ्यांना आवतण दिलं.

"पपा, नको हा तमाशा," म्हणून मिलान मामाच्या घराचं कुंपण रंगवायला निघून गेला.

आले मोजून सात-आठ जण. आणि टीव्हीवर काहीच नव्हतं! मंच, दिवे, आईला मिठी मारणारी पोरं, सगळं आदल्या रात्रीच आटोपलं होतं. आता नुसता कॉम्प्युटरमधून एक कोरडा आवाज, दवाखान्यात पुढचा पेशंट पुकारावा तसा. बर्नीने तो कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला.

"बर्नी, हे काय रे? मयताला बसल्यासारखं वाटतंय," स्टॅन क्रूपा म्हणाला. "गाड्यांची शर्यत लाव की."

"गप बस. मिलानचं नाव येईल."

"येऊ दे ना! पण बाकीच्यांना ओळखतो कोण? फुटबॉलवाली पोरं वर्षभर टीव्हीवर दिसतात, सप्टेंबरात थेट मोठ्या मैदानात उतरतात. ही आज निवडली, की चार-पाच वर्षं बसमधून आडगावं हिंडणार. निम्मीअधिक तिथेच विरून जाणार. मी कुणासाठी टाळ्या पिटू?"

कुणीतरी टीव्हीवर खरंच शर्यत लावली. बर्नीचं डोकं फिरलं. खरं तर स्टॅन बोलला ते खरं होतं, म्हणूनच ते इतकं झोंबलं.

"शिसारी येते मला तुमची!" तो गरजला. "माझे पिरोगी फुकट हादडता आणि माझ्या पोरासाठी तासभर कान देववत नाही? हा पोरगा तुमच्या डोळ्यांदेखत वाढला रे! स्टॅन, तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारून मारून शिकला तो! टेक्सासच्या पोरांसाठी रडता, आणि..."

घसा बसेपर्यंत तो बोलत राहिला. आयुष्यभराचा वीट त्याने त्या सात-आठ जणांवर ओतला. शेवटी स्वयंपाकघरातून त्याची बायको आयरीन फोन घेऊन आली. तिचे डोळे भरले होते.

"मिलान आहे. नाव आलं त्याचं."

"कधी?"

"आत्ताच. तू ओरडत होतास तेव्हा."

काउंटरवरचा आवाज केव्हाच पुढच्या नावांवर गेला होता. बर्नीने सगळ्यांकडे पाहिलं. ऐकलेलं कुणीच नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. त्याने फोन कानाला लावला.

"पपा, ऐकलंस ना?"

"ऐकलं तर!" तो बसक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं. छप्पर उडायचं बाकी आहे इथे."

"मग एवढं शांत कसं आहे?"

बर्नीने स्टॅनकडे पाहिलं. स्टॅनने शर्यत बंद केली, टेबलावर मूठ आपटली आणि एप्रिलात ओरडायचा तसा ओरडला. मग सगळेच ओरडले. बर्नीने फोन त्यांच्या दिशेने धरला. स्वतः ओरडायला त्याच्या घशात आवाज उरला नव्हता.