बफेलोचे चौदा हिवाळे आणि कॅरीचा एक रविवार

अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींत बर्फाविषयी शेवटचा शब्द दादाराव गजभिये यांचा असे. ते हवामानतज्ज्ञ नव्हते. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीत ते क्वालिटीचं काम बघत, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा लेखी पुरावा मागत. बर्फाच्या बाबतीत मात्र त्यांचा पुरावा एकच होता आणि तोही तोंडी: कामठी सोडून अमेरिकेत आल्यावर त्यांनी उत्तरेकडच्या बर्फाळ बफेलोत चौदा हिवाळे काढले होते.

या बळावर त्यांनी सगळ्या देशाची प्रतवारी लावलेली होती. हर्नडनचा भाचा राकेश सर्वांत खालच्या वर्गात, कारण तिथे नुसता अंदाज आला तरी शाळा बंद होत. फ्रीमाँटची मेहुणी त्याहून वेगळी केस. तिथे बर्फच नाही; ते लोक चार तास गाडी चालवून, चाकांना साखळ्या बांधून, पोरांना बर्फ ‘दाखवायला’ नेत. आणि कॅरीकरांचं तर काय सांगावं! रविवारच्या बुद्धवंदनेनंतर चहा घेताना ते म्हणत, “बर्फ येणार म्हटलं की दुकानांतलं दूध-पाव संपतं. यांचा उपास नेमका तेव्हाच कसा सुटतो, मला कळत नाही.” त्यांच्या पत्नी संघमित्राबाई तेव्हा कप गोळा करायला उठत. हे वाक्य त्यांनी सहा हिवाळे ऐकलं होतं.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी ऋषी कुलकर्णीचा फोन आला. ऋषी पुण्याचा, बायको स्वानंदीसह राहायला मैलभर अंतरावर, उताराच्या तळाशी. त्याचे वडील गुरुनाथ यांची फुप्फुसं आखडत चालली होती, आणि ते दिवसरात्र हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राला नळीने जोडलेले असत. यंत्र विजेवर चालायचं. वीज गेलीच तर म्हणून एक सिलेंडर कोपऱ्यात उभा.

“काका, ऑक्सिजनवाल्यांचा फोन आलाय. वादळाआधी दोन एक्स्ट्रा सिलेंडर देतो म्हणतात. पण दुपारी दोन ते सहा कुणीतरी घरी हवं, आणि माझी ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज आहे यार, स्वानंदीची पण मीटिंग आहे. काय करू?”

“किती इंच सांगितलाय?”

“एक. त्याच्यावर थोडा आइस.”

“एक इंच!” दादाराव हसले. “अरे, बफेलोत आम्ही एका इंचाला बर्फ म्हणतच नव्हतो. चौदा वर्षांत लाइट गेली नाही माझी. कॅन्सल कर बिनधास्त.”

ऋषीने कॅन्सल केलं.

शनिवारी रात्री बर्फ पडलाच नाही. पाऊस पडला. फांद्यांना, तारांना, पायऱ्यांना लागल्या जागी गोठणारा पाऊस. सकाळी सगळी वसाहत काचेत घालून ठेवल्यासारखी दिसत होती. दादारावांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना काहीच आठवलं नाही, कारण बफेलोत त्यांच्या वाट्याला आला तो भुसभुशीत, फावड्याने उचलता येणारा बर्फ. तेवढ्यात मागच्या रानातून गोळी सुटल्यासारखा आवाज आला. पाइनची फांदी. मग दुसरी. पावणेनऊला वीज गेली.

नऊ वाजता ऋषीचा फोन. आवाज शांत होता, म्हणूनच ऐकवत नव्हता.

“काका, बाबांना सिलेंडरवर घेतलंय. चार तास पुरेल असं लिहिलंय त्याच्यावर. नाइन वन वनला फोन केला. ते म्हणाले रस्त्यांवर झाडं पडलीत, येऊ, पण कधी ते सांगता येत नाही. मी गाडी काढायला गेलो तर ती आडवी घसरून मेलबॉक्सवर गेली.”

“हॉटेल... हॉस्पिटल...”

“चढ चढायलाच जमत नाहीये, काका.”

तुम्ही सांगितलं होतंत, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर दादारावांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: कुणाकडे जनरेटर आहे का? दोनशे बारा सभासद. पाच मिनिटांत एकोणीस जोडलेले हात आले, एकाने प्राणायाम सुचवला, आणि वीणाताईंनी विचारलं की कुणाकडे गॅसची शेगडी असल्यास त्यांना दूध तापवायचं आहे. जनरेटर एकाकडेही नव्हता. असणार कसा? सगळ्यांना सल्ला एकाच माणसाकडून मिळालेला.

“मी जातो,” दादाराव म्हणाले.

“जाऊन काय करणार?” संघमित्राबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

“मीच सांगितलं होतं त्याला.”

संघमित्राबाई आत गेल्या. त्यांनी मफलर आणून दिला.

बफेलोचे बूट घालून ते बाहेर पडले आणि दुसऱ्याच पायरीवर पाठीवर आपटले. उठले, पुन्हा आपटले. समोरच्या घराचं दार उघडलं. तिथे मिस नेल राहत, वय एकोणऐंशी, जन्म याच गावातला, कॅरीत शेतं होती तेव्हाचा.

“मोजे, हनी!” त्या ओरडल्या. “बुटांवरून मोजे! लोकरीचे!”

दादारावांनी पायरीवर बसून बुटांवरून मोजे चढवले. पाय धरला गेला. ते रस्ता ओलांडून गेले आणि मिस नेलना सगळं सांगितलं; सिलेंडर कॅन्सल करायला आपण सांगितलं, हेही. मिस नेल यांच्या गॅसवर कॉफी उकळत होती, बाथटब पाण्याने भरलेला होता.

“तुमच्याकडे बर्फ पडतो,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे झाडं पडतात.”

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. चर्चमधल्या बायकांची यादी होती, पेन्सिलीने लिहिलेली: कुणाकडे विहीर, कुणाकडे लाकडाची शेगडी, कुणाकडे करवत, कोण एकटं राहतं. दर नोव्हेंबरात नवी करायची, मेलेल्यांची नावं खोडायची. त्यांनी भिंतीवरचा जुना फोन उचलला. पहिल्या घरी कुणी उचललं नाही. दुसऱ्या घरचा जनरेटर मुलगा घेऊन गेला होता. दहा पाच झाले. तिसरा फोन.

“डेल? तू शिकारीच्या तळावर नेतोस तो जनरेटर चालतो का अजून? ... नाही, माझ्यासाठी नाही.”

डेल उताराच्या वरच्या टोकाला राहायचा. दादारावांना तिथवर पोचायला तास लागला. वाटेत दोन झाडं आणि एक लोंबती तार, जिच्यासाठी त्यांनी कुणाच्या तरी परसातून लांबचा वळसा घेतला. डेल दाढीवाला, अबोल. जनरेटर त्याने आधीच प्लायवूडच्या फळीवर बांधून ठेवला होता.

“ट्रक खाली नेला तर तुमच्या मित्राच्या दिवाणखान्यात थांबेल,” तो म्हणाला. “हातानेच उतरवू.”

दोराचा एक वेढा झाडाला, टोक डेलच्या हातात. दादाराव फळीच्या खालच्या बाजूला बसकण मारून, टाचा रोवत, इंचाइंचाने. खालून ऋषी हातापायांवर रांगत वर आला, त्याच्याही बुटांवर मोजे. फोनवर त्याला सांगून ठेवलं होतं. अर्ध्या उतारावर फळी फिरली. सव्वाशे पौंडांचं ओझं दादारावांच्या छातीवर टेकलं आणि ते तिघेही क्षणभर हलले नाहीत.

“काका, सोडू नका हं.”

“सोडून जाऊ कुठे?” दादाराव दातांतून म्हणाले.

खाली पोचले तेव्हा बारा वीस झाले होते. खिडकीतून स्वानंदीने सिलेंडरचा काटा दाखवला. तो लाल पट्ट्यात शिरला होता. ऋषीने जनरेटर दाराशीच ओढायला घेतला. डेलने त्याचं मनगट धरलं.

“वीस फूट लांब. धूर आत गेला तर म्हाताऱ्याला ऑक्सिजन लागणारच नाही, आणि तुम्हालाही.”

वीस फुटांवरून वायर खिडकीपर्यंत पोचेना. सहा फूट कमी. स्वानंदी गॅरेजमधून एक वायर घेऊन आली. ती ख्रिसमसच्या दिव्यांची निघाली, काडीसारखी. “ही जळेल,” डेल म्हणाला. बारा एकतीस. दादाराव शेजारच्या दारावर दोन्ही मुठींनी आपटत होते. ज्यांच्याशी ऋषी दोन वर्षांत बोलला नव्हता, त्या शेजाऱ्याने दार उघडलं आणि गवत कापायच्या यंत्राची जाड नारिंगी वायर आणून दिली.

दोरीच्या चौथ्या ओढीला जनरेटर धडधडला. आत यंत्राने एक लांब शिट्टी दिली आणि नेहमीसारखं धापा टाकू लागलं. स्वानंदीने नळी बदलली. गुरुनाथांच्या ओठांचा जांभळा रंग उतरायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ खोलीत कुणी बसलं नाही.

मग दादाराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, कोट फाटलेला, तळवे सोललेले.

“गुरुनाथराव, माझं चुकलं. मी सांगितलं म्हणून यांनी सिलेंडर घेतले नाहीत.”

गुरुनाथ पोस्टातून निवृत्त झालेले. बोलण्यासाठी त्यांना श्वास मोजून वापरावा लागे.

“ऋषी... पस्तिशीचा आहे,” ते म्हणाले. थांबले. “त्याला... कळायला हवं होतं.” पुन्हा थांबले. “तुम्हालाही.”

“हो.”

“वीज... कधी येईल?”

दादारावांनी तोंड उघडलं. ‘बफेलोत आम्ही’ हे दोन शब्द सवयीने जिभेवर आलेही होते. ऋषी आणि स्वानंदी दोघंही त्यांच्याकडे बघत होते.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकत उठून, टाकीत पेट्रोल किती उरलंय हे विचारायला डेलकडे बाहेर गेले.