भावोजींची अरुंद चाकं

उलट्या बाजूने विचार सुरू करून सरळ ठिकाणी पोहोचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आपल्याच नात्यात निघाला. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, त्यांचे हे यजमान. मी त्यांना भावोजी म्हणे, ते मला वहिनी म्हणत. पन्नासच्या दशकात आमची दोन्ही घरं मुलुंडला दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती, त्यामुळे त्यांचा उलटेपणा मला फार जवळून पाहता आला. जेवताना ते आधी ताकभात खात आणि मग वरणभात. पोट आधी शांत करावं, मग त्याला कामाला लावावं, असा त्यांचा सिद्धांत होता. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पानावर बसल्याबसल्या ताक मागितलं. वाढप्याला वाटलं, यांचं जेवण उरकलं. त्याने ताक वाढलं आणि मागून येणाऱ्या जिलबीवाल्याला "यांचं झालं" म्हणून पुढे पिटाळलं. भावोजी ताकभातावर उठले. घरी वन्संनी टाकलेलं पिठलं खाताना एवढंच म्हणाले, "वाढपी हुशार होता, फक्त सरळ होता." घराचं पुढचं दार त्यांनी बाहेर उघडणारं करून घेतलं होतं, कारण आतल्या बाजूला चपलांना जागा पुरत नव्हती. ते दार पोस्टमनच्या नाकावर एकदा बसलं. तेव्हापासून तो कडी वाजवून तीन पावलं मागे उभा राही आणि तिथूनच पत्र पुढे करी. "पाहुण्याला आधी ढकलायचं आणि मग या म्हणायचं, ही आमच्याकडची रीत," असं वन्सं सगळ्यांना सांगत.

अशा माणसाने सरकारी कचेरीतली कायमची नोकरी सोडली याचं आम्हाला फारसं नवल वाटायला नको होतं, पण वाटलं. नोकरी सोडून त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक गाडी घेतली. युद्धात वापरलेल्या अशा गाड्या तेव्हा पुष्कळ विकायला निघत, आणि लोक त्यांना डिस्पोजलची गाडी म्हणत. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, आणि चाकं म्हशीच्या मानेइतकी जाड. या गाडीतून नाहूरपलीकडच्या मिठागरांतलं मीठ मुलुंड स्टेशनाजवळच्या वखारीत आणायचं, हा त्यांचा नवा उद्योग. "इतकी वर्षं सरकारचं मीठ खाल्लं, आता थोडं वाहून बघतो," असं त्यांनी साहेबांना राजीनामा देताना सांगितलं. साहेब भला माणूस. तो हसला आणि त्याने त्यांची जागा वर्ष-दीड वर्ष रिकामी ठेवली.

मिठागरांत जायचा रस्ता म्हणजे खाडीला समांतर घातलेला एक लांबलचक बांध. दगड आणि मुरूम घालून तो भक्कम केलेला होता, पण उधाणाचं पाणी त्याच्यावरून गेलं की वर वीतभर गुळगुळीत गाळ बसे. आदल्या वर्षी अशाच गाळावरून भावोजींची गाडी शांतपणे आडवी सरकली आणि पोत्यांसकट शेजारच्या मिठाच्या वाफ्यात जाऊन बसली. तिला बाहेर काढायला आठ बैल लागले. यंदा पुन्हा उधाण येऊन गेलं होतं, पावसाळ्याआधी मीठ उचलायला थोडेच दिवस उरले होते, आणि मिठागराच्या मुकादमाने स्पष्ट सांगितलं होतं, "काका, या सोमवारी गाडी पार झाली तर काम तुमचं. नाहीतर मंगळवारपासून बैलगाड्या." वन्संचं म्हणणं त्याहून स्पष्ट होतं. "सोमवारी गाडी रुतली तर ती विकायची आणि मंगळवारी कचेरीत जाऊन बसायचं. साहेबांनी ठेवलेली खुर्ची काही जन्मभर रिकामी राहत नाही!"

आता यात मी कुठे आले ते सांगते. गाडीबरोबर भावोजींना एक खाकी पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. गाडी कशी चालवावी आणि कशी सांभाळावी याची सगळी माहिती त्यात होती. भावोजींना कचेरीपुरतं इंग्रजी येत होतं, पण त्या इंग्रजीत क्रियापदं फार नसत. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. म्हणून दर रविवारी दुपारी चार वाजता ते पुस्तक घेऊन येत, हातपाय धुऊन पाटावर बसत, आणि मी एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी सांगत असे. पोथी ऐकावी तसे ते ऐकत. तेल किती घालावं हे कळलं तरी मान डोलावत. कॉलेजात मी तळी, नौका आणि वासंतिक फुलं यांचं इंग्रजी शिकले होते. ग्रीसचं इंग्रजी मला भावोजींमुळे आलं.

त्या सोमवारच्या दोन आठवडे आधी आम्ही टायरच्या प्रकरणाला हात घातला. टायरचे दोष कोणते याची एक यादी होती. ती मी वाचत गेले. हवा कमी असली तर कडा झिजतात, हवा जास्त असली तर मधला भाग झिजतो. मग पान उलटलं आणि पुढे वाचलं, "टायर रुंद असले तर मऊ जमिनीवर गाडी तरंगते."

भावोजी पाटावरून उठलेच. "काय म्हणालात? तरंगते?"

"असं इथे छापलं आहे."

"अहो वहिनी, मग गेल्या वर्षी आपली गाडी घसरली कुठे? ती तरंगली! गाडीने तरंगायचं असतं का? ते काम होडीचं."

दुसऱ्या दिवशी ते शहरात जाऊन चार चाकांना चार आणि स्टेपनीला एक असे पाच नवे टायर घेऊन आले. त्याच रिमवर बसणारे, पण एका मापाने अरुंद. दुकानदार पारशी होता, आणि भावोजी त्याचं बोलणं पुढे कित्येक वर्षं हुबेहूब करून दाखवत. "अरे काका, सगळा लोक मोटा टायर मागते, तू बारीक मागते? गाडीला एकादशी करवते काय?" भावोजी म्हणाले, "बावाजी, मला जायचं आहे, तरंगायचं नाही." बावाजीने कपाळाला हात लावला, पण माणूस प्रामाणिक. "मग पोता कमी घालजो हां, आणि हवा बरोबर ठेवजो," असं त्याने बजावलं, आणि भावोजींनी ते पाळलं.

टायर बसल्यावर गल्लीत जो तो गाडी पाहायला आला. "काका, सायकल कुणाची मोडली?" असं एकाने विचारलं. वन्सं म्हणाल्या, "म्हशीला शेळीचे पाय!" मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. तुम्ही त्यांना आवरायचं, तर तुम्हीच पुस्तक वाचून दाखवता!"

सोमवारी भावोजींनी मला गाडीत पुढे बसवलं. वाटेत अडलं तर पुस्तक वाचायला माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. मिठागरात पोती भरून झाली, मुकादम बांधाच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा राहिला आणि आम्ही परतीला लागलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे, मधे गाळाने चकाकणारा बांध. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. गाडीला एक मोठा हिसका बसला आणि ग्रीसने चिकटलेली दोन पानं माझ्या डोळ्यांदेखत अलग झाली. आतल्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत मथळा होता, "रुंद टायरचे फायदे." म्हणजे दोषांची यादी तिथे संपत होती, आणि तरंगणं हा पहिला फायदा होता.

मुलांनो, खरं बोलण्यात मी सहसा उशीर करत नाही. त्या दिवशी केला. भावोजी दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून पुढे पाहत होते, त्यांच्या कानामागून घाम उतरत होता, आणि मी पुस्तक मिटून त्यावर दोन्ही हात ठेवले. मागच्या वर्षी जिथे गाडी सरकली होती, तिथे ती जरा झुकली. खालून करकर असा आवाज आला. मग ती सरळ झाली आणि चालत राहिली. बांध संपून डांबरी रस्ता लागला तेव्हा भावोजी ओरडले, "वहिनी, तरंगली नाही!"

मी म्हटलं, "भावोजी, गाडी थांबवा. माझी चूक झाली आहे." आणि चिकटलेल्या पानांचं सगळं सांगितलं.

भावोजी खाली उतरले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि एका काटकीने टायरच्या खाचा उकरू लागले. गाळाबरोबर मुरमाचे तांबडे खडे बाहेर आले. बांधावरचा गाळ फक्त वीतभर होता. रुंद चाकं त्याच्यावरून सरकत, ही अरुंद चाकं तो कापून खालच्या दगडापर्यंत पोहोचली होती. खोल दलदलीत पुस्तकच खरं ठरलं असतं.

"खाली टेकली ना ही?" त्यांनी खडा मला दाखवला.

"टेकली."

"मग झालं तर. पुस्तकाला आपला बांध कुठे ठाऊक?"

मुकादमाने काम त्यांनाच दिलं आणि वन्संनी स्वतः साहेबांना निरोप पाठवला की खुर्ची आता दुसऱ्या कुणाला द्यावी. माझ्या चुकीबद्दल भावोजींनी घरात किंवा गल्लीत कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ते नेहमीप्रमाणे चारला आले. हातात पांढऱ्याशुभ्र मिठाची पिशवी होती, पुस्तक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "आता तुम्हाला उगाच त्रास कशाला, वहिनी? गाडी चालते आहे." मी त्या आठवड्यात खटपट करून एका ओळखीच्या इंजिनिअरांकडून यंत्रांच्या शब्दांचा जाडजूड कोश आणून ठेवला होता. पुढचं प्रकरण गिअरचं होतं. त्यातले कठीण शब्द मी पेन्सिलीने एका कागदावर उतरवलेही होते. भावोजींनी चहा घेतला, मीठ कोणत्या वाफ्यातलं ते सांगितलं आणि पाचला उठले.

नंतर मी पुष्कळ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. चांगली हुशार मुलं हाताखालून गेली. पण वाक्य अर्ध्यावर असताना, ते कुठे जाऊन संपतं म्हणून इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे पाहत बसलेला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.