पाय ब्रेकवर नव्हताच

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या महिन्यात बबीनाहून झाशीला परतताना आमच्या गाडीचा क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, सारखा आपोआप सुटत होता. गाडी बाबा चालवत होते. ब्रेकला पाय लागला की तो सुटतो, एवढं मला माहीत होतं. मी मागे बसलेल्या आत्यासमोरच बोलले, "बाबा, तुमचा पाय ब्रेकवर जातोय आणि तुम्हाला कळतही नाही. आता तुम्ही गाडी चालवू नका."

"नाही गं, पाय बाजूलाच आहे," ते म्हणाले. मी ऐकलं नाही. घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

आज गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने मलाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "दीदी, पाँव बिल्कुल पीछे रखिए." मी पाय मागे घेतले, तरी ब्रेकलाइट मध्येच लागत होते, हे त्याने गाडीमागे उभं राहून सांगितलं. पेडलजवळचा स्विच खराब होता. ब्रेक दाबलाय असं गाडीला उगाच वाटायचं आणि क्रूझ सुटायचा. नवा स्विच बसवायला पंधरा मिनिटं लागली.

चौथीपर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं. माझं गणित चुकलं, तरी आधी विचारायचे, "कसं सोडवलंस ते सांग." मी मात्र त्यांना काहीच विचारलं नाही.

घरी येऊन माफी मागितली, किल्ली पुढे केली. बाबा हसले. "राहू दे बेटा. तू म्हणालीस तेव्हापासून मलाच माझ्या पायाचा भरवसा वाटत नाही."

हे कसं दुरुस्त करू? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?