कावळा शिवेना

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. ताप डोक्यात गेला आणि नगरच्या दवाखान्यातून ती परत आलीच नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिसगावातून तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्या दिवसापासून आमच्या घरात आण्णा आणि तो फोटो, दोघंच राहायचे. मी कुठे होते कोण जाणे!

रोज सकाळी आण्णा वेड्यावाकड्या भाकरी थापायचे, फोटोपुढे ताट वाढायचे, आईच्या शेळीला पाला टाकायचे आणि तुरीच्या रानात निघून जायचे. माझं ताट नसायचंच. ते गेले की मी फोटोपुढचं ओढून खायचे. संध्याकाळी रिकामं ताट उचलताना त्यांनी एकदासुद्धा विचारलं नाही, कुणी खाल्लं म्हणून. शाळेचा झगा फाटला, डोक्यात उवा झाल्या. शेजारची काकू करवादली, "आवो, पोरीकडं बघा की जरा!" तर हे नुसतं "व्हय" म्हणाले. मला मारलं असतं तरी चाललं असतं, खरंच सांगते. मारायला तरी माणूस आधी आपल्याकडे बघतो.

वर्षश्राद्धाला मामा आले, भावकी जमली. पत्र्यावर आईच्या नावानं घास ठेवला. कावळा त्याला शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही, असं आमच्याकडे धरतात. कावळे लिंबावर बसून होते, पण एक मेला खाली येईना. ऊन चढलं, माणसं ताटकळली. अशा वेळी घरच्यांनी शब्द द्यायचा असतो.

मामा म्हणाले, "दाजी, तुमी बोला. आक्काचा जीव पोरीत आडाकलाय." आणि मला धरून त्यांच्यापुढे उभं केलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणा ना आण्णा, पोरीला सांभाळीन. खोटं म्हणा, पण म्हणा!

आण्णा माझ्या डोक्यावरून पत्र्याकडे बघत होते. "तुजं लुगडं कुनाला देनार न्हाई," ते म्हणाले. कावळा हलला नाही. "तुजा फोटू हलवनार न्हाई." मग त्यांनी हात जोडले. "तुजी शेळी... शेळी इकनार न्हाई गं!"

शेळी आठवली, आणि मी समोर उभी असून आठवले नाही! मला रडूही येईना. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली, "आई, मी सांभाळीन आण्णांना! तू जा आता!"

पंख वाजले. कावळ्यानं घास उचलला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले, मामांनी मला पोटाशी धरलं. आण्णा तसेच वर बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"ऐकलं बगा तिनं माजं," ते मामांना म्हणाले. "शेळीतच जीव हुता तिचा."